डाव्या पायाची सुई

सानपाडा, नवी मुंबई
१५ जून २०२५

ती. ताई,

साष्टांग नमस्कार उधार ठेव. सध्या मी उभ्यानेच नमस्कार करतो, आणि हे पत्रही फ्रिजवर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय. बसलो की कंबर उठू देत नाही, उठलो की बसू देत नाही.

तू म्हणशील, फोन कर. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला एवढं ओरडावं लागतं, की तुझ्याआधी आमची सोसायटी ऐकते. माझ्या कमरेची बातमी तशीच फुटली. तेव्हापासून बिल्डिंगमधला प्रत्येक जण डॉक्टर झालाय. सेक्रेटरी प्रसाद लोहचुंबकाचा पट्टा घेऊन आला. "काका, टेन्शन नका घेऊ, हा रक्तातलं लोह खेचतो," म्हणाला. मी विचारलं, "खेचून ठेवतो कुठे?" तर नुसता हसला. तळमजल्यावरचा सिताराम मूळचा तळवली गावचा. तो म्हणतो, "काका, आमच्या गावाला बायजाबाई हाय. तिचा हात लागला का कना सरल. तिसऱ्या दिशी धावाल." मी म्हटलं, "धावून जाऊ कुठे?"

तू मला ओळखतेस. तुर्भ्याच्या कारखान्यात मी जन्मभर माल तपासला. पास की नापास, एवढंच बघायचं. पोरं मला पाठीमागे 'रिजेक्टसाहेब' म्हणायची आणि मला ते आवडायचं. रिटायर झालो, पण जगात नापास माल काही कमी झालेला नाही.

आता खरा मुद्दा. गेल्या रविवारी ऋषी आणि मनाली पुण्याहून आले होते. मी ओट्यावर वाकून कांदा चिरत होतो, तसाच अडकलो. ओटा गीतांजलीच्या उंचीचा आहे. हे घर मिळालं तेव्हा तिने गवंड्यासमोर उभं राहून, कोपर दुमडून माप दिलं होतं. ती ठेंगणी, मी ताडमाड. ती गेल्यापासून त्याच ओट्यावर वाकून मी माझं शिजवतो. ऋषी म्हणाला, "बाबा, ओटा फोडून उंच करून घेऊ." मी म्हटलं, "आधी माझं डोकं फोड."

मग त्याने शांतपणे निकाल सुनावला. दिवाळीपर्यंत कंबर सुधारली नाही तर हे घर भाड्याने द्यायचं आणि मी त्याच्याकडे राहायचं, चौदाव्या मजल्यावर. इथे तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकटा माणूस, पडलात तर कोण बघणार. पोरगा चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. ताई, मला हे घर सोडायचं नाही. आम्ही आलो तेव्हा इथे चिखल आणि बेडूक यांच्याशिवाय शेजार नव्हता. गीतांजली इथेच राहिली आणि इथूनच गेली. चौदाव्या मजल्यावर मी तिला कुठे शोधू?

शेवटी तह झाला. मनालीने सीवूड्सला ॲक्युपंक्चरचं बुकिंग करून टाकलंय, तिथे जाऊन अंगात सुया टोचून घ्यायच्या. तिच्या ऑफिसातल्या कुणाची तरी मान त्याने सरळ झाली म्हणे. मी कबूल केलं, कारण दिवाळीपर्यंत वेळ तरी मिळाला.

एक वचन दे. मी तुला जे लिहीन ते ऋषीच्या कानावर जाता कामा नये. दुखतंय म्हटलं की तो टेम्पो बोलावेल.

तुझा
दिलीप

————

कराड
२४ जून २०२५

चि. दिलीप,

आशीर्वाद. ते द्यायला वाकावं लागत नाही, हे एक बरं आहे.

तुझं पत्र वाचून पोटभर हसले. मी शाळेत जन्मभर मुलींना शिवणकाम शिकवलं. सुया टोचून रोग जात असते तर माझ्या वर्गातली एकही मुलगी आजवर आजारी पडली नसती. एकेकीची बोटं चाळणी झालेली असायची आणि तरी दर श्रावणात सगळ्या तापाने फणफणायच्या. पण तू जा. मनाली प्रेमाने करते आहे. सुनेने केलेली भाजी आणि सुनेने केलेलं बुकिंग, दोन्हीला नावं ठेवायची नसतात.

मागच्या भाऊबीजेला तुला पाटावर बसता आलं नव्हतं, आठवतं? तू खांबासारखा उभा आणि मी स्टुलावर चढून तुला ओवाळत होते. निरांजनाने तुझी भुवई जळायची राहिली. यंदा मला ती कसरत नको. पाटावर बसून ओवाळून घेणारा भाऊ मला हवा आहे, आणि तो सानपाड्याहून आलेला हवा आहे.

वचन दिलं. ऋषीला काही कळणार नाही. मात्र मला खोटं लिहायचं नाही. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा फार तावातावाने बोलायचास, आणि तुझी पत्रंही तशीच असतात.

अरुणाताई

————

सानपाडा
१२ जुलै २०२५

ती. ताई,

उभ्यानेच नमस्कार. जाऊन आलो. एकदा नाही, अनेकदा.

दुकान एका केकवाल्याच्या वर आहे. आत शिरताना चपला काढायच्या. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा बांबू, त्याच्यापुढे पाण्याचं कारंजं आणि कुठूनतरी बासरी. बासरी मोबाईलवर होती, कारण मध्येच जाहिरात लागली. भिंतीवर एका टकल्या माणसाचं चित्र, त्याच्या अंगभर रेघा. आमच्या कारखान्यात पाइपांचा नकाशा यापेक्षा नीट असायचा, आणि त्यातून निदान काहीतरी वाहायचं.

बाईंचं नाव क्षिप्रा. बोलतात इतक्या हळू की तुला तिथे नेलं असतं तर तू भिंतीशी गप्पा मारून परत आली असतीस. मला म्हणाल्या, "काका, तुमची एनर्जी अडकली आहे."

"कुठे?"

"कमरेत."

"ते मला माहीत होतं. म्हणून तर आलो."

मग म्हणाल्या, "जीभ दाखवा." मी म्हटलं, "जिभेचा त्रास मला नाही, इतरांना आहे." हसल्या नाहीत. ज्या बाईला विनोद कळत नाही तिला नाडी काय कळणार?

सुया केसासारख्या बारीक. मी एक मागून घेतली आणि भिंगातून बघितली. टोक चांगलं होतं, तेवढं मी मान्य करतो. पाठीत टोचल्या तेव्हा झिणझिण्या आल्या. मग उताणं करून पायावर आल्या. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात एक सुई असते. उजव्या पायात टोचली तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं आणि मी 'आई गं' म्हणालो. डाव्या पायाला काहीच नाही. बराच वेळ वाट बघून मी म्हटलं, "आता टोचा की." तर म्हणतात, "काका, केव्हाच टोचली." मान वर करून बघावं तर कंबर परवानगी देईना. ताई, मी सांगतो, बाई एका पायात खरी सुई टोचते आणि दुसऱ्याला नुसता हात लावते. निम्मा माल देऊन पुरं बिल. असे पुरवठादार मी ढिगाने पाहिलेत.

परतताना आणखी एक वैताग. स्टेशनच्या पायऱ्या चढून बराच पुढे आलो, तर मागून फुलवाली ओरडते, "ओ काका, चप्पल ऱ्हायली!" डाव्या पायातली चप्पल पायरीवरच निसटली होती आणि मी तसाच चालत होतो. पावसाने सगळे लोक खाली बघून चालत होते, पण एकाने सांगितलं नाही. हल्लीच्या चपलांना पकड म्हणून राहिलेली नाही. चार दिवसांत दोनदा झालं.

कंबर आहे तशीच. ऋषीला मात्र 'फरक पडतोय' असं कळवलंय.

दिलीप

————

कराड
२२ जुलै २०२५

चि. दिलीप,

तुझी क्षिप्राबाई आवडली. नुसता हात लावून पैसे घेणं ही मोठी कला आहे, आपल्याकडे ती फक्त भटजींना आणि पुढाऱ्यांना येते असं मला वाटत होतं. डाव्या पायाला ती टोचतच नसणार. पुढच्या वेळी उशी मागून घे आणि नीट बघ.

शेजारच्या अक्षताबरोबर पार्सल पाठवते आहे, ती वाशीला भावाकडे निघाली आहे. आपल्या चांभाराकडच्या कोल्हापुरी आहेत. पायातून निसटायच्या नाहीत. अंगठा आत गेला की चप्पल माणसाला धरते, माणसाने चपलेला धरायचं कारण नाही. घालून बघ आणि कळव.

जेवतोस का नीट? त्या ओट्यावर फार वेळ वाकू नकोस. गीतांजली असती तर तिने तुला स्वयंपाकघरातून हाकलला असता आणि कांदाही स्वतःच चिरला असता.

अरुणाताई

————

सानपाडा
१७ ऑगस्ट २०२५

ती. ताई,

आज नमस्कार खुर्चीत बसून. हो, बसून!

लिहायला हात धजत नाही, पण कंबर बरी आहे. कमरेपासून डाव्या घोट्यापर्यंत जी तार झणझणत जायची ती थांबली. रात्री झोप लागते. मी ओट्यावर वाकून भरली वांगी केली, आणि अडकलो नाही. याचं श्रेय बाईंना द्यायची माझी अजिबात इच्छा नाही. आजार कंटाळून गेला असणार. तरी ऋषीला फोन करून सांगितलं, की तुझी दिवाळी मी जिंकलो, भाडेकरू शोधू नकोस. तो खूश झाला. मनाली तर रडलीच. म्हणाली, "बाबा, मी म्हटलं होतं ना?" मी 'हो' म्हटलं. तू म्हणतेस ना, सुनेच्या बुकिंगला नावं ठेवायची नसतात.

पण बाईंची लबाडी मी पकडली, ते ऐक. तुझं ऐकून उशी मागितली आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो. सुई खरंच डाव्या पायात उभी होती! बाईंनी तिला टिचकी मारली, हलवली, थोडी आणखी आत सारली. मला काही म्हणजे काही नाही. मी म्हटलं, "ही लागत कशी नाही?" बाई खुलल्या. "बघा काका, शरीराने सुई स्वीकारली. ब्लॉक खुलतोय!"

घरी येऊन विचार केला. शेवटी उलगडा झाला. टोचण्याआधी बाई स्पिरिटच्या बोळ्याने कातडी पुसतात. डाव्या पायाच्या बोळ्यात बधिर करायचं औषध असतं! उजव्या पायाला गिऱ्हाईक ओरडलं की डाव्याला औषध लावायचं, म्हणजे गिऱ्हाईकाला वाटतं चमत्कार झाला. आणि औषध इतकं जालीम की परवा बाईंकडे गेलोच नव्हतो तरी अंघोळीला पाणी गरम आहे की गार, ते डाव्या पावलाला कळेना. असलं औषध परवान्याशिवाय कसं वापरता, हे मी तिला सगळ्यांसमोर विचारणार आहे.

तुझ्या कोल्हापुरी घातल्या. रागावू नकोस, पण चांभाराला माझा निरोप दे: नापास. डाव्या चपलेचं पुढचं टोक झिजून दोरे निघाले, उजवी नव्यासारखी आहे. दोन पायांना दोन प्रतीचं कातडं लावलंय. आमच्या सोसायटीचंही तेच. जिन्याला नव्या फरश्या बसवल्या, सगळ्या वरखाली. परवा दुसऱ्या मजल्यावर डावा पाय अडखळला आणि मी पडलो. पडलो म्हणजे बसलो. सितारामने हात दिला. त्याला बजावून ठेवलंय, ऋषीला बोललास तर याद राख. प्रसादला फरशीबद्दल लेखी तक्रार देतोय.

यंदा भाऊबीजेला पाट मांड. मांडी घालून बसतो की नाही बघ.

दिलीप

————

कराड
२२ ऑगस्ट २०२५

दिलीप,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे वाचायच्या आधी उभा राहा आणि डाव्या पायाचा अंगठा वर उचल. नुसता अंगठा. उचलतोय? आता टाचांवर उभा राहून बघ. भिंत धर.

मला उत्तर माहीत आहे.

तुझे भावोजी गेले त्याच्या आधीच्या वर्षाची गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. माझी शिवणाची सुई जमिनीवर पडली होती. ती त्यांच्या टाचेत घुसली आणि मोडली. ते तसेच बूट घालून बँकेत गेले, दिवसभर काम केलं, बाजार करून परत आले. मोज्याला रक्त मला दिसलं, त्यांना नाही. साखरेने पाय मेला होता. मी किंचाळले तर म्हणतात कसे, "तुझी सुई बोथट आहे."

तुझं पत्र वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू आला. गेल्या कित्येक वर्षांत मला कुणाचाही आवाज इतका स्पष्ट ऐकू आलेला नाही.

चपलेला पकड नाही, चांभार वाईट, फरशी वरखाली, बोळ्यात औषध! आणि हे सगळं एकाच पायाला? अरे गाढवा, आख्खं जग तुझ्या डाव्या पायावर टपून बसलंय का? कारखान्यात जन्मभर माल तपासलास म्हणतोस. भिंग लावून सुई बघितलीस. सुई पास होती, दिलीप. माल नापास होता. ती बाई तेवढीच शहाणी. माणसाचा पाय मरत होता आणि ती 'स्वीकारली' म्हणून आनंदाने टिचक्या मारत बसली. आणि मी तिसरी शहाणी, जुलैमध्ये फिदीफिदी हसून तुला चपला पाठवल्या.

तुझं पत्र घेऊन इथल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, दुखणं थांबलं ते बरं झालं म्हणून थांबलं नाही, मणक्यातल्या गादीने शीर दाबून धरली आहे, शीर थकून गप्प झाली. कायमची गप्प व्हायच्या आत मोकळी करायला हवी.

मी वचन मोडलं. अक्षताकडून ऋषीचा नंबर लावून घेतला. तिकडे तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. फोन उचललाय असं समजून मीच सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, तो रडत होता.

हे पत्र पोचेल तोवर तो पोचलेला असेल. दार उघड. नाटकं करू नकोस.

ताई

————

वाशी, हॉस्पिटल
२९ ऑगस्ट २०२५

अरुणाबाई यांस,

तुम्ही फितूर झालात.

ऋषी रात्रीच आला. अंगठा उचला म्हणाला. नाही उचलला गेला. मला एका नळकांड्यात घातलं आणि आत कुणीतरी पत्रे ठोकत बसलं, त्याला तपासणी म्हणतात. तुमच्या कराडच्या डॉक्टरचं खरं निघालं, याबद्दल त्यांचं अभिनंदन. उद्या ऑपरेशन आहे. बाहेर गणपतीसमोर ढोल वाजताहेत, म्हणजे झोपेचंही खोबरं.

ऋषी माझ्याशी एकही वाकडा शब्द बोलला नाही. माझा डबा, माझी औषधं, माझं पांघरूण, सगळं गुपचूप करतो. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मनाली येते आणि 'मीच ते बुकिंग केलं' म्हणून डोळे पुसते. घराचं नाव कुणीच काढत नाही, म्हणजे ते गेलंच. तुम्ही एक फोन केलात आणि माझं घर गेलं.

राग एवढा आलाय की पाय आपटावासा वाटतो.

दिलीप

————

कराड
४ सप्टेंबर २०२५

चि. दिलीप,

आशीर्वाद. ऑपरेशन नीट झाल्याचं मनालीने अक्षताला कळवलं, आणि अक्षताने मला कागदावर लिहून दिलं. तो कागद देवापुढे ठेवला आहे.

राग आला असेल तर पाय आपट. खुशाल आपट. डावाही आपटता येईल इतका बरा हो, आणि मग इथे येऊन माझ्या अंगणात आपट.

घराबद्दल लिहितोस ते मला कळतं. मी तुला घर आणि पाय यांतलं एक निवडायला सांगितलं असतं तर तू घर निवडलं असतंस, म्हणून मी विचारलंच नाही. गीतांजली असती तर तिनेही विचारलं नसतं. तू मला बाई म्हण, फितूर म्हण, काहीही म्हण. चालत ये आणि म्हण.

उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीत राहणार आहे.

ताई

————

कराड
२३ सप्टेंबर २०२५

चि. दिलीप,

आशीर्वाद. घटस्थापना झाली. तुझं पत्र नाही. पोस्टमनला मी विचारत नाही, तोच दारावरून जाताना मान हलवतो.

इथे सगळं ठीक. पाट घासून ठेवला आहे.

ताई

————

सानपाडा
१४ ऑक्टोबर २०२५

ती. ताई,

नमस्कार. किती उधार राहिले ते तूच धरून ठेव, माझी मोजायची तयारी नाही.

तुला लिहिलं नाही कारण रागावलो होतो. नंतर राग गेला, पण इतके दिवस रागावल्यावर लगेच कसं लिहायचं म्हणून आणखी थांबलो. हा मूर्खपणा आहे, हे मी सोडून कुणी म्हटलेलं मला चालणार नाही.

हॉस्पिटलातून आलो त्या दिवसाची गंमत सांगतो. तिसरा मजला, जिना चढायला मनाई, ऋषीचं तोंड उतरलेलं. पुण्यालाच न्यायचं असं त्याने गाडीत बसताना ठरवलं असणार. तर खाली सिताराम प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन हजर. "बसा काका. चाल रं, उचला." प्रसाद, पहिल्या मजल्याचे ज्योतिबा आणि आणखी कोण कोण, सगळ्यांनी मला देवासारखं उचललं. देवाला उचलताना लोक निदान गप्प बसतात. मला प्रत्येक मजल्यावर एक औषध सांगितलं. पहिल्यावर मेथीचे लाडू, दुसऱ्यावर एरंडाचं पान. तिसऱ्यावर पोचेपर्यंत धापा टाकत प्रसाद म्हणतो, "काका, आता तरी चुंबक लावा." मी सगळ्यांना रिजेक्ट केलं. खुर्चीतून खाली मात्र उतरलो नाही.

रात्री ऋषी म्हणाला, "बाबा, आमच्या मजल्यावर मी पडलो तर शेजारचा दार उघडणार नाही. त्याचं नावही मला माहीत नाही." मग म्हणाला, संक्रांतीपर्यंत तुम्ही हा जिना आपल्या पायांनी चढलात तर घराचा विषय मी परत काढणार नाही. मी त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. तोवर तो इथेच डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडून ऑफिस करतो. दिवसभर इंग्रजीत 'हो हो' म्हणत असतो, याला पगार देतात म्हणे. ओटा फोडला नाही. ओट्यापुढे त्याने बुटकं स्टूल आणून ठेवलंय. त्यावर बसलं की माझे हात बरोबर ओट्यावर येतात, मी गीतांजलीएवढा होतो. हे त्या पोराला आधी का सुचलं नाही, विचारलं तर म्हणतो, तुम्ही डोकं फोडायला सांगितलं होतंत.

क्षिप्राबाईंचा निरोप आला. पैसे आधीच भरलेत, उरलेल्या सुया मार्चपर्यंत चालतील. माफी नाही, काही नाही, नुसती मुदत! मनालीने रागारागाने त्या प्रसादला देऊन टाकल्या. तो जातो. चुंबक मात्र आधी काढून ठेवावं लागतं म्हणे.

आता पायाचं. डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, शीर मोकळी केली आहे, जागी होईल की नाही ते शीर ठरवेल. आणखी उशीर केला असतात तर ठरवायला काही उरलं नसतं. हे ऐकताना ऋषी माझ्याकडे बघत होता आणि मी छताकडे. तेव्हापासून अभय नावाचा पोरगा व्यायाम घ्यायला येतो. पायाला नांगरासारखी प्लॅस्टिकची पट्टी बांधतो. मी अंगठ्याकडे बघून 'ऊठ' म्हणायचं आणि अंगठ्याने झोपून राहायचं, असा आमचा व्यायाम. तरी अभय म्हणतो, 'गुड जॉब काका!' असल्या शेऱ्यांवर मी कारखान्यात एकही माल सोडला नसता. तो रोज टाचणीने पाय तपासतो. मी डोळे मिटायचे आणि लागलं की सांगायचं. रोज उजव्या पायाला ओरडायचो. डाव्याच्या वेळी खोली शांत असायची, आणि ऋषी लॅपटॉपवर बोलायचा थांबायचा. ती शांतता मला सहन होत नव्हती, ताई. मी भ्यालो होतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल डोळे मिटले होते. अभय बेचक्यापाशी आला, जिथे ती बाई टिचक्या मारायची, तिथेच.

ताई, दुखलं.

मी असा ओरडलो की खालून सिताराम धावत आला. ऋषी खुर्ची पाडून आला. अभयला मी अस्सल शिवी दिली आणि म्हटलं, परत टोच. परत दुखलं. मग आम्ही दोघं बापलेक त्या पोरासमोर वेड्यासारखे रडलो.

यंदा भाऊबीजेला मला कराडला येता येणार नाही. भावाने बहिणीकडे जायचं असतं, ठाऊक आहे. एवढी एक वहिवाट मोड. ऋषी तुला घ्यायला येईल. पाट आणू नकोस, अजून खाली बसू देत नाहीत. मी त्या बुटक्या स्टुलावर बसेन, तुला चढावं लागणार नाही.

मात्र तुझ्या शिवणाच्या डब्यातली एक सुई नक्की घेऊन ये. ओवाळून झालं की मी डोळे मिटेन आणि तू टोच. या लोकांच्या टाचण्यांवर माझा काडीचा विश्वास नाही.

तुझा
दिलीप